झेनचं ब्रेक पेडल दगडासारखं घट्ट, पायाखाली ‘सूंऽऽ’ आवाज. बूस्टर गेलाय का?

हिरवी_झेन (चिपळूण)

नमस्कार. गाडी मारुती झेन, २००२ची, पेट्रोल. बाबांनी कोरी घेतली होती, ते गेल्यापासून मी चालवते. १,१८,००० किमी झाले आहेत. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तो सल्ला कुणी देणार नाही.

मागच्या रविवारी आईला डोळे तपासून कराडहून घेऊन येत होते. हेळवाक सोडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच होती. एका वळणावर पुढे एसटी दिसली म्हणून ब्रेक दाबला, तर पेडल खाली जाईचना. म्हणजे भिंतीला पाय लावावा तसं. पेडलवर जवळजवळ उभी राहिले तेव्हा गाडी थांबली, एसटीच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर. आई मागे बसली होती, तिने फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला. पोफळीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून उतरले.

ब्रेक दाबून ठेवला की डॅशबोर्डखालून, पायाच्या घोट्याजवळून, ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो. सोडला की बंद. बहादूरशेख नाक्यावर गाडी उभी असताना ब्रेक दाबला तर आयडलिंगही वरखाली होतं.

इथल्या एका गॅरेजमध्ये पुढचे डिस्क पॅड आणि मागचे लायनर नवे टाकले, ड्रम घासले, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. २,६०० रुपये झाले. पेडल जसंच्या तसं. आता ते म्हणतात मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) बदलू. दुसऱ्या एकाने बघितलं आणि म्हणाला, बूस्टर गेलाय. एक एक भाग बदलून बघण्याएवढे पैसे माझ्याकडे नाहीत, आणि घाटाचा रस्ता महिन्यातून दोनदा आहेच. नेमकं काय बिघडलंय ते घरी तपासता येईल का? पाने आहेत, बाबांची पेटी शाबूत आहे.

जुना_पाना (सांगली)

ताई, आधी एक. ही गाडी तपासून होईपर्यंत घाटात न्यायची नाही. गावातही नको.

३४ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न एकच विचारायचो: पेडल घट्ट आहे, मऊ आहे, की धरून ठेवलं तर हळूहळू खाली बसतं? तिन्ही दुखणी वेगळी. मऊ, स्पंजासारखं असेल तर लाइनमध्ये हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टरच्या आतले रबर. आणि घट्ट, दगडासारखं, म्हणजे पायाला मिळणारी मदत बंद झाली. ती मदत बूस्टर देतो. तुमच्या गाडीला पॅड आणि लायनर टाकून काही होणार नव्हतं, कारण तुमची तक्रारच पेडल घट्ट असल्याची होती.

पण थेट बूस्टरवरही उडी मारू नका. बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून येतो, मधे रबरी पाइप आहे आणि एक वन-वे व्हॉल्व्ह आहे. या तिघांपैकी कोण, ते बघू. पान्याशिवाय होतं.

गाडी सपाटीवर, हँडब्रेक लावलेला, चाकाला दगड. इंजिन बंद ठेवून पेडल सहा-सात वेळा दाबा. दर वेळी ते जास्त घट्ट होईल, कारण उरलासुरला व्हॅक्यूम संपतो. आता पेडलवर पाय तसाच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पाय आपोआप बोटभर खाली गेला पाहिजे. नाही गेला, तर मदत येत नाही.

दुसरी. इंजिन दोन मिनिटं चालवा. ब्रेक दाबा, दाबलेलाच ठेवा, आणि इंजिन बंद करा. तीस मोजा. पेडल आहे तिथेच राहिलं पाहिजे. तळव्याला वर ढकलायला लागलं तर कुठेतरी हवा शिरते आहे.

तिसरी मला जास्त आवडते. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, मग बूस्टरच्या तोंडचा रबरी पाइप ओढून काढा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली पाहिजे. आवाजच आला नाही तर बूस्टरने व्हॅक्यूम धरून ठेवलेला नाही. मग तो पाइप मोकळा ठेवून गाडी सुरू करा, पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबा. ओढ किती आहे ते हाताला कळेल, आणि अंगठा लावल्यावर आयडलिंग कसं होतं ते ऐका. व्हॉल्व्ह तपासायला पाइप दोन्हीकडून सोडवा आणि तोंडाने फुंका: बूस्टरच्या बाजूने फुंकलेली हवा इंजिनाकडे गेली पाहिजे, उलटी अजिबात नाही.

आणि एक सांगा, ब्रेक ऑइलची पातळी कमी होते का?

आयटीआय_निदेशक (कराड)

पाना काकांनी तपासण्या सांगितल्याच आहेत. मी आत काय घडतं ते सांगतो, म्हणजे ताईंना ‘सूं’ का येतो ते कळेल.

बूस्टर म्हणजे मोठा गोल पत्र्याचा डबा. मधोमध रबरी पडदा, त्याला डायफ्रॅम म्हणतात, त्याने डब्याचे दोन कप्पे होतात. पेडल सोडलेलं असतं तेव्हा दोन्ही कप्प्यांत व्हॅक्यूम. पेडल दाबलं की आतला व्हॉल्व्ह पेडलकडच्या कप्प्याचा व्हॅक्यूम तोडतो आणि तिथे बाहेरची हवा आत घेतो. एका बाजूला हवेचा पूर्ण दाब, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, त्यामुळे पडदा पुढे सरकतो आणि मास्टरचा रॉड ढकलतो.

ही ताकद किती, ते मुलांना मी फळ्यावर करून दाखवतो. सात इंच व्यासाचा पडदा धरा. क्षेत्रफळ सुमारे २४८ चौरस सेंटिमीटर. आयडलिंगला चांगल्या पेट्रोल इंजिनाचा व्हॅक्यूम पाऱ्याच्या १८ इंचांच्या आसपास असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.६२ किलो. गुणाकार केला की दीडशे किलोच्या वर जातो. आतल्या स्प्रिंगमुळे आणि घर्षणामुळे त्यातला थोडा वाया जातो, तरीही एका वजनदार माणसाहून जास्त भार तुमच्या पायाच्या मदतीला उभा असतो. ताई, घाटात तो भार उतरून गेला होता आणि तुम्ही गाडी एकटीच्या पायाने थांबवली.

पेडल दाबताना क्षणभर श्वास घेतल्यासारखा आवाज येणं ठीक आहे. दाबून ठेवल्यावरही ‘सूं’ चालूच राहिला, तर पडदा फाटलाय किंवा आतला व्हॉल्व्ह बसत नाही. ती जास्तीची हवा मॅनिफोल्डमध्ये जाते म्हणून आयडलिंग बिघडतं.

आणि इथे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून: पेट्रोल वाचवायला घाट उतरताना इंजिन बंद करू नका. बंद इंजिनावर बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरताच व्हॅक्यूम शिल्लक असतो. चौथ्या वळणावर तुमचं पेडल ताईंच्या पेडलसारखं होईल, गाडी कितीही नवी असली तरी.

सुमोवाला (जत)

डिझेलवाल्यांसाठी एक भर घालतो. डिझेल इंजिनाला मॅनिफोल्डमध्ये तसा व्हॅक्यूम नसतोच, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. माझ्या जुन्या सुमोला तो अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला आहे. माझंही पेडल असंच घट्ट झालं होतं आणि बूस्टर बदलायला निघालो होतो. निघालं काय, तर पंपाला ऑइल पोचवणारी बारीक नळी चोंदलेली, त्यामुळे आतली पाती झिजून गेलेली. ताईंची गाडी पेट्रोल आहे, त्यांना हे लागू नाही, पण उद्या कुणी बोलेरोवाला हा धागा उघडेल.

हिरवी_झेन

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी शाळेतून आल्यावर केलं. शेजारचा मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता.

पहिली तपासणी: गाडी सुरू केली, पेडल हललंसुद्धा नाही. दुसरी: इंजिन बंद केल्यावर बारा मोजेपर्यंत पेडलने पाय वर ढकलला. तिसरी: पाच मिनिटांनी पाइप काढला, फुस्स नाही, काही नाही.

मग पाइपावर अंगठा ठेवला. ओढ अशी बसली की अंगठा सोडवताना ‘टप्’ असा आवाज आला, आणि अंगठा लावल्याबरोबर इंजिन एका सुरात चालायला लागलं. कितीतरी महिन्यांनी तसं ऐकलं. व्हॉल्व्हमधून हवा फक्त इंजिनाकडे जाते, उलटी नाही. म्हणजे पाइप आणि व्हॉल्व्ह शाबूत, आणि गळती बूस्टरमध्ये. बरोबर ना काका?

ऑइलचं विचारलंत म्हणून आठवलं. हो, दीड-दोन महिन्यांनी पातळी खाली जाते, मी भरते. चाकांच्या आत, गाडीखाली कुठेच डाग नाही. पार्किंगला फरशी आहे, थेंब पडला असता तर दिसला असता. मला वाटायचं जुन्या गाडीत असं होतच असेल.

जुना_पाना

बरोबर. बूस्टर गेला आहे. पण आता नीट ऐका, कारण इथेच लोक दुप्पट खर्चात पडतात.

ब्रेक ऑइल उडून जात नाही. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते हे खरं, पण दर दोन महिन्यांनी भरावं लागत असेल तर ते कुठेतरी गळतंय. बाहेर डाग नाही, तर ते आत जातंय. मास्टर सिलिंडर बूस्टरच्या तोंडावरच बसवलेला असतो. मास्टरचा मागचा सील गेला की ऑइल थेंबथेंब बूस्टरच्या डब्यात उतरतं. तिथलं रबर त्या ऑइलसाठी बनवलेलं नसतं. फुगतं, मऊ पडतं, शेवटी फाटतं. माझा अंदाज, तुमच्या बूस्टरला मास्टरनेच मारलंय. नुसता बूस्टर बदललात तर वर्षभरात नवाही जाईल.

खात्री करून घ्या. मास्टरला बूस्टरशी धरणारे दोन नट आहेत, बारा नंबरचा पाना. ते काढून मास्टर अलगद बोटभर पुढे ओढा. ब्रेकच्या पत्र्याच्या नळ्या तेवढ्या वाकतात, ओढाताण करू नका, सोडायची अजून गरज नाही. मग बूस्टरच्या तोंडात बोट घालून बघा.

हिरवी_झेन

काका, बोट दुसऱ्या पेरापर्यंत ओलं झालं.

काळपट, थोडं चिकट, तोच तो ब्रेक ऑइलचा वास. मास्टरच्या मागच्या तोंडालाही ओल होती, आणि त्याच्या खाली बूस्टरच्या हिरव्या रंगाला हाताच्या पंज्याएवढे फोड आलेले, नख लावलं की रंग पापुद्र्यासारखा निघतोय. हे सगळं बॉनेट उघडल्यावर दिसण्यासारखं होतं. दोन वर्षं मी तिथेच झाकण उघडून ऑइल भरत होते.

मास्टर आणि बूस्टर दोन्ही नवे घेणार. भंगारात झेनचा बूस्टर निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय असं गॅरेजवाले म्हणाले. घेऊ का?

जुना_पाना

नको. दार, बंपर, काच, आरसा भंगारातून घ्या, मीही घेतो. बूस्टर नाही. त्याचं रबरसुद्धा वीस वर्षांचं आहे, आणि ज्या गाडीतून काढला तिचा मास्टर गळत होता का, ते कोण सांगणार? किट टाकून दुरुस्त केलेलाही तुमच्या घाटासाठी मी सुचवणार नाही. नवा सीलबंद घ्या, गाडीचं वर्ष सांगा, आणि जुना सोबत घेऊन जा. डब्याचा व्यास आणि पेडलकडच्या रॉडची लांबी दुकानातच जुळवून बघा.

काम स्वतः करू नका असं म्हणत नाही, पण ब्रेक आहे, शेजारी जाणता माणूस हवा. मास्टरच्या नळ्यांचे नट साध्या फिक्स पान्याने सोडू नका, कडा गोल होतात आणि मग नळीच बदलावी लागते. नळीचा खास पाना येतो, नटाच्या सहापैकी पाच बाजू धरणारा, तो वापरा. खाली जुने कपडे अंथरा, ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. बूस्टर इंजिनाच्या बाजूने निघतो, पण त्याचे चार नट आत पेडलच्या वर आहेत. पेडलला रॉड धरणारी पिन आणि तिचं लॉकही तिथेच. तेवढ्या कामाला मान मोडते, बाकी सोपं आहे. शेवटी हवा काढायची, चारी चाकांची. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, नव्या डब्यातलं. अर्धा वापरून ठेवलेला डबा नको, ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

हिरवी_झेन

काम झालं, पण एक अडचण आहे.

गॅरेजवाल्यांच्या मदतीनेच केलं, मी तिथेच होते. सीट मागे सरकवून, डोकं पेडलजवळ आणि पाय बाहेर असं झोपून आतले चार नट मीच काढले. पेडलची पिन निघेना, गंजली होती. बाबांच्या पेटीतला बारीक पोगर लावून हळूहळू ठोकली.

आता पेडल लोण्यासारखं. ‘सूं’ नाही, आयडलिंग स्थिर. खूश होऊन अलोऱ्यापर्यंत गेले. तिथे उतरले तर पुढच्या दोन्ही चाकांतून जळका वास, आणि चाकाजवळ हात नेववत नव्हता. परत येताना पेडल वरच्या वरच लागायला लागलं आणि गाडी ओढल्यासारखी चालत होती. गॅरेजवाले म्हणतात नवे पॅड आहेत, घासून बसतील.

जुना_पाना

घासून बसायला चाकं इतकी तापत नाहीत. गाडी थांबवा, चालवू नका. ब्रेक सुटतच नाहीयेत.

आता असं करा. पुढचं चाक जॅकवर घ्या, हाताने फिरत नसेल. मग मास्टरचे ते दोन नट थोडे सैल करा, म्हणजे मास्टर दोन-तीन मिलिमीटर पुढे येईल. चाक मोकळं फिरायला लागलं, तर बूस्टर किंवा पेडल मास्टरच्या पिस्टनला सतत दाबून धरतंय. नट सैल करूनही फिरलं नाही, तर दोष चाकाशी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरकडे.

मोकळं झालं तर आधी पेडल बघा. इंजिन बंद, पेडल चार-पाच वेळा मारून व्हॅक्यूम काढून टाका, मग हाताने दाबा. सुरुवातीला थोडी ढिली चाल लागली पाहिजे. नसेल तर ब्रेक लाइटचा स्विच फार खाली बसवलाय, तो पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही. ढिली चाल असेल तर बूस्टरच्या पुढचा रॉड लांब आहे. त्याच्या टोकाला आट्यांचा स्क्रू असतो, तो आत घ्यायचा.

किती, ते असं ओळखा. मास्टर हाताने बूस्टरवर टेकवा, नट न लावता. तोंडाला तोंड सपाट बसलं पाहिजे. मधे फट राहून मास्टर स्प्रिंगसारखा मागे येत असेल तर अजून लांब आहे. सपाट बसल्यावर रॉड फार आखूड तर झाला नाही ना, ते बघायला रॉडच्या टोकावर कणकेची वाटाण्याएवढी गोळी लावा, मास्टर टेकवा, काढा. गोळी कागदाएवढी पातळ झाली पाहिजे. जाड राहिली तर पेडल खोल जाईल. नंतर कणीक पूर्ण पुसून काढा, तिचा कणही आत राहू नये.

हिरवी_झेन

दोन नट सैल केले, आणि चाक बोटाने फिरलं. पेडलला ढिली चाल होती, म्हणजे रॉडच. जुन्या बूस्टरशेजारी नवा ठेवला असता तर आधीच दिसलं असतं, नव्याचा रॉड सव्वा मिलिमीटरने पुढे होता. बाबांच्या व्हर्नियरने मोजलं. कणीक आईने मळून दिली, कशाला हवी ते तिने विचारलं नाही.

स्क्रू तीनदा आत-बाहेर करावा लागला. शेवटची गोळी काढली तेव्हा तिच्यातून उजेड दिसत होता. मग पुन्हा हवा काढली, पंधरा किलोमीटर गावात फिरवून आले, चाकं कोमट. कोमट चालतं ना काका?

जुना_पाना

कोमट चालतं. महिनाभर दर आठवड्याला ऑइलची पातळी टाकीवर पेनाने खूण करून बघा. खूण हलली नाही तर काम झालं. आणि तुमच्या वडिलांची पेटी कुणाला देऊ नका.

आयटीआय_निदेशक

ताई, जुना बूस्टर टाकून देणार असाल तर आमच्या वर्कशॉपसाठी मिळेल का? ऑइलने फुगलेला पडदा मुलांना दाखवायला माझ्याकडे नमुना नाही. फक्त घरी उघडू नका, आत मोठी स्प्रिंग दाबलेली असते, डबा उकलताना ती उडते. आम्ही फिक्स्चरमध्ये धरून उघडू.

हिरवी_झेन

नक्की देते सर. काल आईला घेऊन पुन्हा कुंभार्ली उतरले. त्याच वळणावर पुढे या वेळी चिऱ्यांचा ट्रक होता, पायाच्या बोटांनी दाबलं आणि गाडी थांबली. आईचा डोळा लागला होता, तिला कळलंही नाही. टाकीवरची खूण आज तेरा दिवसांनी आहे तिथेच आहे.

पुढच्या गुरुवारी आईच्या दुसऱ्या डोळ्यासाठी कराडला येतेय, तेव्हा बूस्टर सोबत आणते. उलटा करून ऑइल निथळत ठेवलाय, अजून थेंब पडताहेत.